बाकड्यापासून आमदार निधीपर्यंत : पुण्यात लोकप्रतिनिधींचा खर्च कागदावर कसा तपासायचा

पुण्याच्या नगरसेवकाचे मानधन २०१७ च्या शासन निर्णयाने महिना २० हजार रुपये ठरले. त्या दराने १६५ नगरसेवकांचे वर्षाचे मानधन होते ३ कोटी ९६ लाख. महाराष्ट्रातल्या एका आमदाराचा एका वर्षाचा स्थानिक विकास निधी आहे ५ कोटी. म्हणजे अख्ख्या सभागृहाचे वर्षभराचे मानधन भागवूनही एका आमदाराच्या निधीतून कोटभर रुपये उरतात. पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. या एकाच शीर्षाखाली वर्षाला ४० कोटी झाले. आणि महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक होते १२,६१८ कोटींचे.

हे आकडे आधी मांडले, कारण लोकप्रतिनिधींच्या खर्चावर नजर ठेवायची म्हटले की बहुतेक जण पेन्शन, गाडी आणि बंगल्यामागे लागतात. राग रास्त आहे. पण पगार-भत्त्यांचे दर कायद्यात छापलेले असतात, तिथे लपवण्यासारखे फारसे काही नसते. पैसा मुरतो तो कामांत : गल्लीतल्या काँक्रीटमध्ये, बाकड्यांत, पेव्हर ब्लॉकमध्ये, कापडी पिशव्यांत. तेव्हा हाताशी दहा संध्याकाळी असतील तर दोन भत्त्यांना द्या आणि आठ कामांना.

भत्त्यांचे लवकर उरकू

जे आधीच जाहीर आहे ते विचारण्यात माहिती अधिकाराचा अर्ज वाया घालवू नका. खासदाराचा पगार १ एप्रिल २०२३ पासून महिना १ लाख २४ हजार, अधिवेशनाचा दैनिक भत्ता अडीच हजार, माजी खासदाराचे निवृत्तिवेतन ३१ हजार. वर्षाला ३४ विमानफेऱ्याही आहेतच. माजी आमदाराला ५० हजार निवृत्तिवेतन, आणि पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षाला २ हजारांची भर. हे बदलायचे तर कायदा बदलावा लागतो. अर्जाला उत्तर देणारा जन माहिती अधिकारी त्यात काही करू शकत नाही.

विचारण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष वापर, आणि त्यातही गाडी. महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष, सभागृह नेते, विरोधी पक्षनेते यांना पदामुळे महापालिकेची गाडी मिळते. प्रत्येक सरकारी गाडीला लॉगबुक असते. त्यात तारीख, कुठून कुठे, निघतानाचा मीटर, परतल्याचा मीटर, अंतर, कारण, वापरणाऱ्याची सही आणि भरलेले इंधन असे रकाने असतात. महापालिकेच्या वाहन विभागाकडे एका गाडीच्या तीन महिन्यांच्या लॉगबुकची आणि त्याच तीन महिन्यांच्या इंधन पावत्यांची प्रत मागा. दोन्ही हवेत. नुसते लॉगबुक म्हणजे एका हाताची टाळी.

आता पडताळा कसा घ्यायचा ते पाहा. महिन्याचे एकूण अंतर भागिले एकूण लिटर. समजा २,४०० किलोमीटर आणि ३०० लिटर, म्हणजे लिटरला ८. त्याच बनावटीची दुसरी गाडी त्याच विभागात लिटरला १३ देत असेल, तर प्रश्न तयार झाला. मग पावत्यांकडे वळा. गाडीची टाकी ४५ लिटरची आणि पावती ५२ लिटरची, असे निघाले तर पुढे बोलायची गरज उरत नाही. आदल्या दिवशीचा परतीचा मीटर आणि दुसऱ्या दिवशीचा निघतानाचा मीटर जुळतो का तेही बघा. ‘कारण’ या रकान्यात महिनाभर एकाच हस्ताक्षरात एकाच शाईने ‘शासकीय काम’ लिहिलेले असेल तर लॉगबुक महिनाअखेरीस एका बैठकीत भरले गेले असण्याची शक्यता मोठी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पदाधिकाऱ्यांच्या गाड्या जमा होतात. त्या तारखांच्या नोंदी कोऱ्या असायला हव्यात.

एक गफलत इथे हमखास होते. गाडी ठेक्याची असेल तर इंधन ठेकेदाराचे, त्यामुळे इंधन पावत्या मागितल्या की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि ते खरेही असते. अशा वेळी करारनामा, मासिक देयके आणि जादा किलोमीटर-जादा तासांचा तक्ता मागायचा. मेख त्या जादा किलोमीटरमध्ये असते.

खर्चाचे तीन खिसे

एका प्रभागात लोकप्रतिनिधीच्या शिफारशीने खर्च होणारा पैसा मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो.

पहिला खिसा महापालिकेचा. अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असते, शिवाय क्षेत्रीय कार्यालयाकडची लहान दुरुस्तीची शीर्षे असतात. अंदाजपत्रकाची पीडीएफ महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळते. आपला प्रभाग शोधा आणि प्रत्येक कामासमोरचा बजेट कोड उतरवून घ्या. पुढच्या सगळ्या अर्जांत हा कोड लिहायचा. ‘आमच्या भागातील कामे’ असे लिहिले की अर्ज चार खात्यांत फिरतो. कोड लिहिला की टेबल गाठतो.

अंदाजपत्रकातली रक्कम ही केवळ तरतूद; खर्च वेगळाच असतो. मधे ‘वर्गीकरण’ घडते, म्हणजे एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले जातात. ड्रेनेज लाइनची तरतूद वर्षअखेरीस कमानी आणि बाकड्यांकडे गेलेली दिसली तर ती वर्गीकरणातून गेलेली असते. त्याचे प्रस्ताव स्थायी समिती आणि मुख्य सभेच्या विषयपत्रिकेत येतात. नगरसचिव कार्यालयाकडे त्या वर्षातल्या आपल्या प्रभागाच्या वर्गीकरण प्रस्तावांची व ठरावांची प्रत मागा. पुण्यात ‘निधी आला कुठून’ याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते, आणि विचारणारे मात्र फार थोडे.

कालावधी लिहिताना एक ध्यानात ठेवा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. त्या काळातला ‘नगरसेवक निधी’ मागितला तर ‘निरंक’ असे उत्तर येईल. त्या वर्षांसाठी नगरसेवकाचे नाव सोडा आणि क्षेत्रीय कार्यालय व बजेट कोड धरा.

दुसरा खिसा आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा. २०२० मध्ये ३ कोटी, २०२१ मध्ये ४ आणि २०२२ मध्ये ५ कोटी असा तो वाढत गेला. आमदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची असते. म्हणून अर्ज आमदाराच्या कार्यालयात टाकून उपयोग नाही, तो जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन शाखेकडे टाकायचा. तिथे मागायच्या गोष्टी चारच : वर्षभरातली शिफारसपत्रे, प्रशासकीय मान्यतेचे आदेश, काम कोणत्या यंत्रणेकडे सोपवले त्याची यादी, आणि त्या यंत्रणेला वितरित केलेली रक्कम. मोजमापाचे कागद त्या यंत्रणेकडे असतात. तिला दुसरा अर्ज.

तिसरा खिसा खासदार निधीचा. डिसेंबर १९९३ मध्ये योजना सुरू झाली आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी मिळतात. करोनाकाळात तो थांबला होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेल्या वर्षासाठी २ कोटी देऊन पुन्हा सुरू झाला. जुन्या वर्षांचा हिशेब मांडताना हे विसरलात तर फुकटचा ‘घोटाळा’ हाती लागेल. २०२३ पासून या निधीची कामे ‘ई-साक्षी’ प्रणालीवर चालतात. धार्मिक स्थळ, खासगी मालमत्ता, जमीन खरेदी यांसाठी हा निधी चालत नाही, आणि हयात व्यक्तीचे नावही कामाला देता येत नाही. राज्यसभेच्या खासदाराला राज्यात कुठेही काम सुचवता येते, त्यामुळे आपल्या भागातले एखादे काम परजिल्ह्यातल्या खासदाराच्या नावावर असू शकते. त्यात वावगे काही नाही.

तिन्ही याद्या हातात आल्या की एका वहीत गल्लीनिहाय लावा. एकच रस्ता दोन खिशांतून झालेला दिसला की लगेच आरडाओरड करू नका. लांबीचे तुकडे वेगळे असू शकतात, किंवा एकातून ड्रेनेज आणि दुसऱ्यातून काँक्रीट झालेले असू शकते. ‘अमुक घरापासून तमुक दुकानापर्यंत’ असे कामाच्या नावातच लिहिलेले असते. ते वाचून जागेवर खुणा करा. खुणा एकमेकांवर चढल्या आणि बाबही तीच निघाली, तर ती दुहेरी बिलाची शक्यता. नामफलकांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. पुण्यात एका बाकड्यावर दोन माननीयांची नावे दिसतात, त्यातला एखादा केवळ ‘प्रयत्नांतून’ असतो.

अर्ज

राज्य सरकार आणि महापालिकेसाठी जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. गाडी आणि बाकडी एका अर्जात घातली तर अधिकारी एका विषयाचे उत्तर देईल आणि दुसरा सोडून देईल, आणि नियम त्याच्या बाजूने असेल. राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरून ऑनलाइन अर्जही करता येतो. केंद्राकडे, म्हणजे लोकसभा सचिवालय किंवा खासदार निधी पाहणाऱ्या सांख्यिकी मंत्रालयाकडे, महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या पोर्टलवर पैसे भरा.

मजकूर साधारण असा असावा :

‘विषय : आपल्या क्षेत्रीय कार्यालयाकडील बजेट कोड (अमुक) अंतर्गत कामांची देयके.
कालावधी : एक आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च.
तपशील : वरील कोडखाली अदा केलेल्या प्रत्येक कामाबाबत पुढील अभिलेखांचे प्रथम अवलोकन, व त्यानंतर मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) मान्य पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट). (२) निविदा तुलनात्मक तक्ता व स्वीकृत दर. (३) कार्यादेश. (४) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने. (५) सर्व चालू व अंतिम देयके. (६) कामाआधीची व नंतरची छायाचित्रे. (७) काम पूर्णत्वाचा दाखला व दोष दायित्व कालावधीची अखेरची तारीख.’

यात ‘प्रथम अवलोकन’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. प्रत पानाला २ रुपये पडते. एका वर्षाची सगळी कामे सरसकट मागितली तर काही हजार पानांचे मागणीपत्र येते, आणि तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरले जात नाहीत. आधी बसून पाहिले तर कामाची पाने चाळीस-पन्नासावर येतात. अवलोकनाचा पहिला तास मोफत असतो, पुढे नाममात्र शुल्क.

पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्जाशिवायच कागद पाहू देण्याचा पायंडा जुना आहे, आणि २०१८ मध्ये शासनाने तो राज्यभर लागू केला. जायच्या आधी त्या कार्यालयात फोन करून सध्याची व्यवस्था विचारा. सोमवार हुकला तरी बिघडत नाही, कारण अवलोकनाचा हक्क थेट कायद्याच्या कलम २ मध्येच आहे. जाताना दोघांनी जा : एकाने वाचायचे, दुसऱ्याने उतरवायचे. फोटो काढू देत नाहीत असे सांगितले तर हुज्जत घालत बसू नका. पाने निवडा, क्रमांक लिहून द्या आणि पोच घ्या. अवलोकन झाल्याची नोंद व ‘पुढील पाने दाखविण्यात आली नाहीत’ हे वाक्य त्याच दिवशी लेखी देऊन या. अपिलात तेच कामाला येते.

अर्ज टाकायची चांगली वेळ मे-जून. बिलांची खरी झुंबड मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात उडते. फेब्रुवारीत अर्ज केला तर वर्षाचा मोठा भाग बाहेरच राहतो.

उत्तरे काय येतात आणि त्यांना काय म्हणायचे

नकाराचे साचे ठरलेले आहेत.

‘माहिती प्रश्नार्थक आहे.’ हे उत्तर बऱ्याचदा आपल्याच चुकीने येते. ‘इतका खर्च का केला?’ ही कायद्याच्या भाषेत माहिती नव्हे. ‘का’ ऐवजी ‘ज्या टिपणीवर मान्यता दिली त्या टिपणीची प्रत’ असे मागा; ‘का’चे उत्तर टिपणीतच असते.

‘माहिती विस्तृत आहे, कलम ७(९).’ हे कलम माहितीचे स्वरूप बदलण्याची मुभा देते, नाकारण्याची नाही. ‘मग अवलोकन द्या’ एवढेच लिहा.

‘माहितीचा उद्देश कळवा.’ कलम ६(२) नुसार कारण सांगायची गरज नाही.

‘त्रयस्थ पक्षाची माहिती.’ ठेकेदाराच्या बिलांबाबत हे हमखास येते. कलम ११ खाली अधिकाऱ्याने पाच दिवसांत ठेकेदाराला नोटीस द्यायची, त्याला दहा दिवस मिळतात, आणि निर्णय चाळीस दिवसांत व्हायला हवा. नोटीस दिल्याची प्रत मागा. नोटीसच गेलेली नसेल तर नकार टिकत नाही.

‘व्यक्तिगत माहिती, ८(१)(ञ).’ हे सर्वांत अवघड आणि अलीकडे जास्त अवघड झालेले. पूर्वी या कलमातच जनहिताची अट होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते आखूड करून केवळ ‘व्यक्तिगत माहिती’ एवढ्यावर आणले. त्यामुळे अर्जात माणसाचे नाव जितके कमी तितके बरे. ‘अमुक माननीयांचा प्रवास’ असे लिहिण्याऐवजी गाडीचा नोंदणी क्रमांक लिहा, ‘अमुक यांच्या दौऱ्याचा खर्च’ याऐवजी लेखाशीर्ष आणि प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक. तरीही नकार आला तर कलम ८(२) वर अपील करा. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते ही तरतूद शाबूत आहे, आणि सार्वजनिक पैशातून झालेला खर्च हा तिचा सरळ मुद्दा आहे.

‘सुरक्षेचे कारण.’ बंदोबस्तात कुठे किती पोलीस होते हे कोणी सांगणार नाही, सांगूही नये. एका आर्थिक वर्षाची एकूण रक्कम मात्र मागता येते.

‘अभिलेख आढळून येत नाही.’ मोजमाप पुस्तिकेबाबत हे उत्तर आले तर ती गंभीर बाब आहे. पुस्तिकेला क्रमांक असतो, ती कोणाला दिली याची नोंदवही असते. अपिलात नोंदवहीची प्रत मागा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करा. अभिलेख नष्ट किंवा गहाळ करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. या एका ओळीनंतर कपाटे पुन्हा एकदा उघडली जातात, असा पुण्यात अर्ज करणाऱ्यांचा अनुभव आहे.

मुदती थोडक्यात : उत्तर ३० दिवसांत. चुकीच्या खात्यात पडलेला अर्ज ५ दिवसांत पुढे पाठवायचा. उत्तर नाही किंवा अपुरे असेल तर ३० दिवसांत पहिले अपील, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरे अपील, जोडपत्र ‘क’, तेही २० रुपये, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, विधान भवनासमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत. तिथे रांग मोठी आहे, सुनावणी लागायला बराच काळ जातो. म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर ठेवा. सुनावणीला स्वतः हजर राहा, आणि प्रत्येक मुद्द्याला ‘मिळाले’, ‘अर्धवट’, ‘नाही’ असा एका पानाचा तक्ता न्या. मुदतीत उत्तर आले नसेल तर पुढे प्रती मोफत मिळतात, हे कलम ७(६) तिथे आठवणीने सांगा. आयोगाला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड लावता येतो. पहिल्या अपिलात दंडाची मागणी करून उपयोग नाही, तो अधिकार तिथे नसतो.

मोजमाप पुस्तिका वाचताना

खरी तपासणी इथून पुढे. मोजमाप पुस्तिकेत कनिष्ठ अभियंता जागेवरची मापे लिहितो, उपअभियंता तपासतो, त्यावर बिल निघते. एक ओळ अशी दिसते : संख्या १, लांबी ६०.००, रुंदी ३.००, जाडी ०.१५, एकूण २७.०० घनमीटर. बाजूला बाबीचे वर्णन असते, उदाहरणार्थ काँक्रीटची प्रत.

आता टेप घेऊन गल्लीत जा. तीस मीटरचा फायबर टेप पुरतो. रुंदी एकाच जागी मोजू नका. गल्ल्या सरळ नसतात. दर दहा मीटरला माप घ्या आणि सरासरी काढा. समजा सरासरी २.७० आली. ६० × २.७० × ०.१५ म्हणजे २४.३० घनमीटर. बिलात २७ आहेत. फरक २.७० घनमीटरचा, दहा टक्क्यांचा. शिवाय मोठे चेंबर वजा केलेत का ते वेगळे पाहायचे. जाडी वरून कळत नाही. ती रस्त्याच्या मोकळ्या कडेला किंवा केबलसाठी खोदले असेल तिथे मोजा, स्वतः पहार घेऊन खोदू नका, तो गुन्हा होईल. कडेला १५ सेंटिमीटर दिसले म्हणजे मधेही तेवढेच असे नसते, तेव्हा जाडीबद्दल लिहिताना ‘कोअर काढून (म्हणजे काँक्रीट आरपार कापून नमुना घेऊन) तपासावी’ अशी मागणी करा, आरोप नको.

पेव्हर ब्लॉकमध्ये दोन गोष्टी बघायच्या. ६० मिलिमीटर की ८० मिलिमीटर, हे फुटलेल्या किंवा उखडलेल्या ब्लॉकवर पट्टी ठेवली की कळते. आणि जुने ब्लॉक काढून नवे बसवले असतील तर जुने गेले कुठे? पूर्वगणनपत्रकात ‘जुने ब्लॉक काढणे व जमा करणे’ ही बाब असते. जमा केल्याची पावती कुठल्या भांडारात फाडली ते मागा. अनेकदा या बाबीचे पैसे दिलेले असतात आणि जमेची नोंद कुठेच नसते.

बाकडी, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या यांचे गणित निराळे. इथे माप नसते, संख्या असते, आणि वाटप झालेली वस्तू परत मोजता येत नाही म्हणून ही बाब लाडकी आहे. तीन कागद मागा : भांडार विभागाची आवक नोंद, साठा नोंदवहीतले जावक पान, आणि वाटपाची सह्यांची यादी. आवक आणि जावक जुळली आणि यादीच नसली तर वस्तू गेल्या कुठे, याचे उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते. यादी असली तर सह्यांकडे बघा. सलग वीस सह्यांना एकाच हाताचे वळण असेल तर ते दिसते. बाकडी मात्र मोजता येतात. ती रात्री गर्दी नसताना मोजा, फोटोत लोकेशन चालू ठेवा, आणि सोसायटीच्या कुंपणाच्या आतली वेगळी मांडा. सार्वजनिक पैशाचे बाकडे खासगी आवारात असणे हा स्वतंत्र मुद्दा आहे.

निविदेकडे एक नजर. एकाच गल्लीची तीन कामे, तिन्ही एकाच आठवड्यात, तिन्हींची रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या जराशी खाली : याला कामाचे तुकडे पाडणे म्हणतात. तुलनात्मक तक्त्यात तीन ठेकेदार आणि तिघांच्या दरांत अर्ध्या-एक टक्क्याचा फरक, पुढच्या कामात तेच तिघे, फक्त क्रम बदललेला. अशी पाच-सहा कामे एका पानावर मांडली की चित्र आपोआप उमटते. उलट टोकही असते : अंदाजापेक्षा तीस टक्के कमी दराने घेतलेले काम. तिथे स्वस्तात झाले म्हणून आनंद मानू नका. ज्यादा सुरक्षा अनामत घेतली का आणि जाडी राखली का, हे दोन प्रश्न विचारा. निविदा न काढता थेट दिलेले काम असेल तर टिपणीत ‘५(२)(२)’ असा उल्लेख सापडेल. ती तातडी कसली होती ते त्याच टिपणीत लिहिलेले असायला हवे. जूनमध्ये नाला तुंबला ही तातडी समजते. मार्चअखेरीस कमान उभारण्याची तातडी समजावून घ्यावी लागेल.

स्वतःचे सगळे मोजण्याआधी महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकांचे अहवाल जरूर पाहा. त्यात ‘आक्षेपाधीन’ आणि ‘वसूलपात्र’ अशा दोन रकमा असतात. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाचे आक्षेप, त्यावरचे खुलासे आणि प्रत्यक्ष वसुली, एवढा अर्ज केला तर अर्धे काम सरकारी लेखापरीक्षकानेच करून ठेवलेले सापडते. वसुलीचा रकाना सहसा हलका असतो.

सापडल्यावर

‘भ्रष्टाचार’ हा शब्द तक्रारीत लिहू नका, सोसायटीच्या ग्रुपवर तर नकोच. ‘मोजमाप पुस्तिका क्रमांक अमुक, पान तमुक : रुंदी ३.००. दिनांक अमुक रोजी जागेवर सरासरी रुंदी २.७०. सहा मापांचा तक्ता सोबत. संयुक्त पाहणी व्हावी.’ बस. बदनामीचा दावा अशा मजकुरावर उभा राहत नाही, आणि संयुक्त पाहणीची मागणी फेटाळणे अधिकाऱ्यालाही जड जाते. पाहणीच्या दिवशी पंचनाम्यावर सही करण्याआधी मापे वाचा.

तक्रार तिघांना एकाच वेळी द्या : क्षेत्रीय कार्यालय, दक्षता विभाग आणि मुख्य लेखापरीक्षक. आमदार किंवा खासदार निधी असेल तर जिल्हाधिकारी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, ऐनवेळी गेलात तर परत पाठवतात. खालच्या कार्यालयात आधी तक्रार केल्याची पोच सोबत हवी.

एकट्याने करू नका. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली, हे पुणे जिल्ह्यात विसरण्यासारखे नाही. अर्ज चार जणांच्या नावे वाटून टाका, पत्ता पत्रव्यवहारापुरता द्या, आणि मिळालेला प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन करून सगळ्यांकडे ठेवा. कागद एकाच घरात नाही हे लोकांना माहीत असलेले बरे.

शेवटचा उपाय पैशाचा, आणि त्याला तारीख आहे. कार्यादेशात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, आणि ठेकेदाराची अनामत तोवर महापालिकेकडेच असते. त्या काळात रस्ता खचला, ब्लॉक उखडले, बाकड्याचे पाय तुटले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. मुदत संपायच्या दोन महिने आधी फोटोसह पत्र द्या, त्यात ‘दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये’ असे स्पष्ट लिहा आणि प्रत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना पाठवा. अनामतीचा धनादेश त्यांच्याच खात्यातून निघतो.